केस बसवणारा फवारा

बारान्किया शहरात कार्निव्हल तोंडावर आलं होतं आणि डॉक्टर इव्होन काब्रालेस तपासणी समितीच्या बैठकीत एकाच प्रश्नावर अडून बसली होती. केस जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या एका नव्या पॉलिमरला समितीने 'सुरक्षित' म्हणायचं होतं. केसांना चोपडायच्या जेलमध्ये तो आधीच पास झाला होता. आता कंपनीला त्याचा स्प्रे काढायचा होता आणि चाचण्या मात्र जेलच्याच दाखवल्या होत्या.

अध्यक्ष एव्हारिस्तो पाल्मा हे एके काळचे तिचे प्राध्यापक. ते मायेनं म्हणाले, "पोरी, या पॉलिमरचा रेणू केवढा अगडबंब असतो. कातडीतून आत शिरायची त्याची टाप नाही."

"कातडीचं कोण बोलतंय, सर? स्प्रेचे बारीक थेंब नाकातून थेट फुप्फुसात उतरतात. त्याची चाचणी कुठंय?"

"नाक आपल्या कक्षेत येत नाही. आपण सौंदर्यप्रसाधनवाले."

"मग फवारताना बायकांनी नाक घरी ठेवून यायचं का?"

दोघं-तिघं खाली मान घालून हसले. बाकीच्यांना जेवणाची घाई होती. कंपनीनं मासे घातलेला भात मागवला होता आणि त्याचा वास दाराखालून आत येत होता. सरांसमोर असं तोंड वर करून बोलायची इव्होनची ही पहिलीच खेप. तीही वाया चाललेली पाहून तिला एकदम एकटं वाटलं.

कंपनीचे प्रतिनिधी फादुल उठले. "डॉक्टरीणबाई उगाच घाबरतात," म्हणत त्यांनी बॅगेतून स्प्रेचा डबा काढला आणि त्या बंद खोलीत ऐसपैस फवारा मारला.

सुगंध छान होता. पण तो पसरतोय तोच कुणाला तरी ठसका लागला आणि बघता बघता सगळी समिती खोकायला लागली. सर लालबुंद झाले. इव्होननं खिडक्या उघडल्या, त्यांची पाठ चोळली, पाणी पाजलं. म्हातारा जीव तो.

"एसीची धूळ असणार," फादुल डोळे पुसत म्हणाले. "हवं तर अट घालू. फवारताना श्वास रोखावा."

"किती वेळ?" इव्होननं विचारलं.

"केस बसेपर्यंत."

मतं घेतली. मंजुरीसाठी तिच्याखेरीज जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले, पण सरांचा हात टेबलावरच होता. ते ध्यानात आलं तसे बाकीचे हात एकेक करून खाली आले. कुणी डोकं खाजवलं, कुणी चष्मा नीट केला.

"सर, मघाशी तर तुम्ही..." फादुल म्हणाले.

"मघाशी मी नुसतं वाचलं होतं," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

श्वासाच्या चाचण्या होईपर्यंत स्प्रेला मंजुरी नाही, असं ठरलं. इव्होननं त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला.

कार्निव्हलच्या शनिवारी तिला रस्त्यातल्या दुकानात तोच डबा दिसला. वर नवं लेबल होतं, 'फक्त विगसाठी'. तिनं सरांना फोन लावला.

"विग प्रसाधनात धरत नाहीत," सर म्हणाले. "तो कपडा. त्याची समिती वेगळी."

"ती कधी बसते?"

"अजून नेमायची आहे."

शेजारी एक बाई डोक्यावरच्या हिरव्या विगवर फवारा मारत होती. इव्होन पुढं झाली. "ताई, विग काढा. हात लांब करा आणि मग मारा."

"तुम्ही कंपनीच्या का?"

"छे, समितीची," इव्होन म्हणाली आणि विग स्वतःच धरून उभी राहिली.