खारूनमधली वाम

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि तात्यापाऱ्यातल्या अच्युत डोणगावकरांच्या दुकानासमोरून लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या. दुकानात येणारी घड्याळं मात्र वाढली नाहीत. लोक आता बॅटरीची घड्याळं घेत होते, बिघडली की फेकून देत होते. चावीची घड्याळं घेऊन यायचे ते फक्त अच्युतरावांच्याच वयाचे लोक, आणि त्यांच्यातलेही दरवर्षी दोनचार कमी व्हायचे. अच्युतराव साठीला टेकले होते. हात अजून पक्का होता. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी बालकमानी चिमट्यात धरली की ती जागेवर बसेपर्यंत त्यांचा श्वाससुद्धा हलायचा नाही. फक्त त्या हाताला पुरेल एवढं काम उरलं नव्हतं. दुपारी ते आपल्याच भिंतीवरची घड्याळं उतरवून, पुसून परत लावायचे.

२००३ सालच्या मार्चमध्ये ब्राह्मणपाऱ्यातली एक मुलगी दुकानात आली आणि तुमचा सगळ्यात बारीक चिमटा विकत द्याल का, असं विचारू लागली. अच्युतरावांनी सरळ नाही म्हटलं. हत्यार विकायचं नसतं. पण मुलगी हटली नाही, म्हणून त्यांनी विचारलं, ''काय पकडाचं हाय तुले?''

तिनं पर्समधून एक इवलीशी बाटली काढली आणि काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर उपडी केली. पांढरट, मोहरीपेक्षा जरा मोठा एक खडा बाहेर पडला. माशाच्या कानातला खडा आहे, असं तिनं सांगितलं.

तिचं नाव शर्मिष्ठा. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत ती पीएचडी करत होती. महानदी जिथे समुद्राला मिळते, जिथे अर्धं पाणी गोडं आणि अर्धं खारं असतं, तिथले मासे हा तिचा विषय. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती वर्षभरासाठी रायपूरला आली होती आणि येताना तीनशे बाटल्या घेऊन आली होती. इथल्या कॉलेजनं तिला एक खोली आणि सूक्ष्मदर्शक दिला होता. घासायचं यंत्र मात्र तिकडे संस्थेतच राहिलं होतं. तिनं समजावलं की झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं धरतं तसं माशाच्या कानातल्या खड्यातही धरतं. खडा काचेच्या पट्टीवर चिकटवून पार मधोमध येईपर्यंत घासला तर मासा किती वर्षांचा, कुठे जन्मला, कधी खाऱ्या पाण्यातून गोड्यात आला, सगळं दिसतं. जरा जास्त घासला गेला की मधलंच उडून जातं, आणि मग त्या माशाचं लहानपण कायमचं गेलं. हातानं घासताना तिचे वीसपैकी चौदा खडे वाया गेले होते.

अच्युतरावांनी भिंग लावलं, खडा चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवला आणि म्हणाले की हा एक ठेवून जा, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी तिनं ती काच कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तासाभरात स्कूटीवर परत आली. असा खडा तिच्या संस्थेतल्या यंत्रानंही घासला नव्हता, मधला ठिपकासुद्धा शाबूत होता. तिनं विचारलं, ''काका, तुम्ही अजून करून द्याल?'' अच्युतराव म्हणाले, ''घड्याळातल्या हिऱ्याले पॉलिश करतो ना मी. तसंच हाय हे. दे आणून.''

तेव्हापासून अच्युतरावांचा दिवसच बदलला. सकाळी घड्याळं, दुपारी खडे. आधी नुसतं घासणं होतं, मग ते स्वतः कॉलेजात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. पाहिलं की सुटेना. बोई, भेटकी, हिलसा, एकेका माशाची वर्तुळं निराळी. शर्मिष्ठेनं त्यांना वाचायला शिकवलं. ही रोजची बारीक रेघ, ही उन्हाळ्याची दाट पट्टी, आणि हे काळसर कडं म्हणजे समुद्रातून नदीत शिरताना पिल्लाला बसलेला झटका. अच्युतराव वहीत आकडे मांडायचे. आठवड्याला पंधरा खडे व्हायचे, आणि एकही वाया जायचा नाही.

घरी रमाबाईंना हे पसंत नव्हतं. घरात चार पिढ्यांत मासळी शिजली नव्हती, आणि आता नवरा म्हाताऱ्या वयात माशांच्या डोक्यातले खडे घासत बसतो, हे शेजारणीला सांगायचं तरी कसं. ''तुम्ही काहून या भानगडीत पडले?'' असं त्यांनी एकदा विचारलं. अच्युतराव म्हणाले की खड्याला वास नसतो, हुंगून पाहा. रमाबाईंनी हुंगला नाही. पण नवरा जेवताना बोलू लागला होता, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, म्हणून त्यांनी पुढे विषय काढला नाही.

खाऱ्या पाण्यातल्या माशांशी ताडून पाहायला नदीतले मासेही हवे होते. ते महादेव घाटावरचा हिरालाल केवट आणून द्यायचा. खारूनमध्ये त्याची डोंगी होती. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी पुढे हिराकुडचं धरण ओलांडून समुद्राला. म्हणजे नदीचं पाणी एकच, पण मध्ये ती भिंत. शर्मिष्ठेनं सांगितलं होतं की भिंतीच्या वर आता समुद्रातला मासा सापडायची आशा नाही, त्यामुळे खारूनचे मासे म्हणजे पक्के गोड्या पाण्याचे.

ऑगस्टमध्ये शर्मिष्ठा नमुने आणायला दहा दिवस किनाऱ्यावर गेली. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, हिरालाल ओलं पोतं खांद्यावर टाकून थेट दुकानात आला. नदीला पूर होता आणि पुलाखाली लावलेल्या जाळ्यात हा प्राणी अडकला होता. त्यानं पोतं सोडलं. दोन हात लांब, मनगटापेक्षा जाड, पिवळट अंगावर काळपट ठिपके. दुकानासमोर बघता बघता गर्दी जमली. कुणी साप म्हणालं, कुणी अजगर. अच्युतराव म्हणाले ही बाम आहे, नदीतला सापासारखा मासा, तुझ्याकडून याआधी चार घेतल्या. हिरालालनं मान हलवली. नेहमीच्या बामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. त्यानं अच्युतरावांचं बोट धरून त्या पाठीवरून फिरवलं.

''एमा कांटा नइ हे, भैया.''

खरंच नव्हता. पाठ साबणासारखी गुळगुळीत. हिरालालनं सांगितलं की त्याच्या आज्यानं असली बाम पाहिली होती, त्यानं स्वतः जन्मात दुसऱ्यांदा पाहिली. मासा मेलेला होता. उकाडा असा की संध्याकाळपर्यंत टिकला नसता. शर्मिष्ठेचा फोन लागत नव्हता.

अच्युतरावांनी त्या दिवसापर्यंत माशाला बोट लावलं नव्हतं. त्यांनी रद्दीचे चार थर पसरले आणि शर्मिष्ठेनं वहीत काढून दिलेल्या चित्राप्रमाणे कुठे कापायचं ते हिरालालला दाखवलं. हिरालालच्या कोयत्यानं कवटी उघडल्यावर त्यांनी भिंग लावून चिमटा आत घातला. डाव्या बाजूचा खडा निघाला, मग उजव्या बाजूचा. दोन वेगळ्या बाटल्या, दोन्हींवर तारीख, जागा, हिरालालचं नाव. मासा कॉलेजच्या डीप फ्रीजमध्ये नेऊन ठेवला आणि घरी येऊन अंगणातच डोक्यावरून चार बादल्या पाणी घेतलं.

डावा खडा त्यांनी दोन दिवसांत घासला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पाहतच राहिले. मधल्या ठिपक्याभोवती दाट, एकसारखी वलयं होती आणि त्यांच्या बाहेर ते काळसर कडं. हे कडं त्यांनी दीडदोनशे वेळा पाहिलं होतं, पण नदीमुखावरून आलेल्या माशांच्या खड्यात. खारूनच्या एकाही माशात ते नव्हतं. कड्याच्या बाहेर त्यांनी वर्षं मोजली. बारा. परत मोजली. बाराच. त्यांनी वहीत लिहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

शर्मिष्ठा परत आली ती थकून आली. त्यांनी काच दाखवली. तिनं डोळा लावला, क्षणभर पाहिलं आणि उठताना म्हणाली, ''काका, बाटल्या बदलल्या असतील. हा समुद्रातून आलेला आहे, खारूनचा नाही.''

ती रागानं म्हणाली नव्हती, तीनशे बाटल्यांत एखादी इकडची तिकडे होतेच. पण अच्युतरावांना ते लागलं. चाळीस वर्षांत एकाचं घड्याळ त्यांनी दुसऱ्याला दिलं नव्हतं. त्यांनी काच उचलून जागेवर ठेवली. टोपी घातली आणि घरी निघून गेले. त्या दिवशी जेवताना परत गप्प होते. रमाबाईंनी दोनदा विचारलं तेव्हा झालेलं सांगितलं. रमाबाईंनी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, ''मासा तर फ्रीजमदी हाय ना? मंग तिले तो दाखवा. इथं भात चिवडून का व्हते?''

हे अच्युतरावांना सुचलंच नव्हतं. खड्याशिवाय मासाही असतो, हे ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिरालाललाच कॉलेजात बोलावलं. फ्रीजमधून पोतं काढून टेबलावर उलगडलं. शर्मिष्ठा वही उघडून बसली होती, ती उठून उभी राहिली. तिनं हातमोजा न घालताच माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, मग डोक्यामागचे दोन छोटे पंख उलगडून पाहिले. मग खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

''काका, ही वाम आहे. खरी वाम. ही समुद्रात जन्मते.''

तिनं सांगितलं ते असं. हिलसासारखे मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत येतात, वाम उलटी. ती खोल समुद्रात जन्मते, काचेसारखं पारदर्शक पिल्लू नदीच्या मुखाशी येतं, तिथून चढत चढत शेकडो मैल वर जातं, नदीत वर्षानुवर्षं राहतं आणि म्हातारपणी अंडी घालायला पुन्हा समुद्रात उतरतं. भिजलेल्या भिंतीला चिकटून हे पिल्लू वर सरकतं असं पुस्तकात होतं. हिराकुडच्या वर ती आता उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि ही बारा वर्षांपूर्वी, धरण बांधून कित्येक वर्षं झाल्यावर, बोटाएवढी असताना ती भिंत ओलांडून रायपूरपर्यंत आली होती.

हिरालालला सगळं हिंदीत सांगितलं तेव्हा तो ''हव'', म्हणजे हो, म्हणाला. त्याच्या आज्यानं हेच सांगितलं होतं, की ही बाम खालून येते. कुणी विचारलं नाही म्हणून तो बोलला नव्हता. शर्मिष्ठेनं वही पुढे ओढली आणि आज्यानं काय काय सांगितलं ते पूर्ण लिहून घेतलं. मग ती अच्युतरावांकडे वळली. मी बाटल्यांचं बोलले ते चुकलं, असं तिनं स्पष्ट म्हटलं. अच्युतराव म्हणाले, ''जाऊ दे पोरी. तपासून पायनं तर पायजेच.''

उजवा खडा त्यांनी हात न लावता ठेवला होता. तो संस्थेत गेला. तिथल्या यंत्रावर खड्यातले क्षार मोजले, आणि नोव्हेंबरात उत्तर आलं. कड्याच्या आत समुद्राचं पाणी, कड्याबाहेर गोडं, वय बारा. अच्युतरावांच्या वहीतलं अक्षर न् अक्षर बरोबर निघालं.

पुढच्या वर्षी हा शोध एका नियतकालिकात छापून आला. लेखकांत तिघांची नावं होती. शर्मिष्ठा, अच्युत डोणगावकर आणि हिरालाल केवट. संपादकांनी प्रत्येकाची संस्था विचारली होती. शर्मिष्ठेनं अच्युतरावांच्या नावापुढे लिहून पाठवलं, घड्याळ दुरुस्ती, तात्यापारा, रायपूर, आणि संपादकांनी ते तसंच छापलं. अच्युतरावांना इंग्रजी मजकूर फारसा कळला नाही. त्यांनी फक्त नाव वाचलं, पान दुमडून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी दुकान तासभर आधी बंद केलं. घरी रमाबाईंनी चष्मा लावून अक्षरं लावली आणि पुरण घातलं. शेजारीणबाईंना त्यांनी स्वतः होऊन सांगितलं की आमच्याकडे समुद्राचं संशोधन चालतं.

त्या पावसाळ्यात हिरालालनं आणखी एक वाम धरली, आणि या वेळी जिवंत. पहाटेच त्यानं निरोप पाठवला. वर्षभराचा मुक्काम वाढवून अजून रायपुरातच असलेली शर्मिष्ठा स्कूटीवर आली, अच्युतराव रिक्षानं, आणि रिक्षातून त्यांच्यामागे रमाबाईही उतरल्या. महादेव घाटाच्या पायरीवर मोठ्या टपात ती वाम गोल गोल फिरत होती. अंग पिवळं नव्हतं, चंदेरी झालं होतं, डोळे मोठे. शर्मिष्ठेनं लांबी मोजली, फोटो काढले आणि सांगितलं की ही परतीच्या वाटेवर आहे, हिला ठेवून चालणार नाही. रमाबाईंनी विचारलं की मध्ये धरण आहे, मग ही जाईल कशी. पूर असला की दरवाजे उघडतात, असं शर्मिष्ठा म्हणाली, पण तिथे काय होतं ते नक्की कुणालाच माहीत नव्हतं.

''चढून आली थे,'' अच्युतराव म्हणाले, ''उतरता बी येईन तिले.''

हिरालाल आणि अच्युतरावांनी टप दोन बाजूंनी धरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तिथे त्यांनी तो हळूच तिरका केला. वाम क्षणभर काठाशी अडली, अच्युतरावांच्या हाताला तिचं गार अंग लागलं, मग ती सरकली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. नदी भरून वाहत होती. अच्युतराव धोतर भिजल्याचं भान नसल्यासारखे तिथेच उभे राहिले. शेवटी रमाबाईंनी पायरीवरून हाक मारली की चहा घ्यायचा असेल तर बाहेर या, टपरी उघडली आहे. चौघांनी घाटावर बसून चहा घेतला, आणि वाम आता कुठवर गेली असेल यावरून त्यांच्यात चांगलाच वाद झाला. हिरालाल म्हणत होता पुलाच्या पुढे, शर्मिष्ठा म्हणत होती एवढ्यात नाही. रमाबाई हिरालालच्या बाजूनं होत्या.