शनिवारी न गळणारी जिप्सी

"कोरडा ठणठणीत," जिप्सीखाली उताणे पडलेले धोंडीराम म्हणाले आणि काल इंजिनाखाली सरकवून ठेवलेला पुठ्ठा त्यांनी बाहेर ढकलला. "एक थेंब न्हाई. आन् वर रेडिएटर बघा, अर्धा लिटर पाणी कमी!"

शेजारच्या विंगमधला पुष्कर हातात कॉफीचा मग घेऊन उकिडवा बसला होता. मूळचा पुण्याचा, नोकरी गुडगावच्या आयटीत, त्यामुळे मत सगळ्यावर.

"हेड गॅस्केट, काका. मी तीन व्हिडिओ बघितले, तिन्हींत हेड गॅस्केटच."

"गॅस्केट गेलं असतं तर धूर पांढरा आला असता. ऑइलची लस्सी झाली असती. ऑइल बघा हिचं, तुमच्या कॉफीपेक्षा साफ हाय."

पुष्करने उगाचच मगात डोकावून पाहिलं.

द्वारकेच्या या सोसायटीत माणसाचं वजन फ्लॅटच्या चौरस फुटांवर ठरे. धोंडीराम खोतांचं तेवढं गाडी बंद पडल्यावर ठरे. सैन्याच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं मेकॅनिक, हवालदार म्हणून निवृत्त, आता मुलीच्या घरी मुक्काम. सेक्रेटरीची मोटार कण्हायला लागली की तोही बेसमेंटातून हाक मारी, "खोतसाब को बुलाओ." एरवी लिफ्टमध्ये भेटला तर मोबाईल बघे. धोंडीरामांना दोन्ही गोष्टी समजत आणि ते दोन्ही वेळा सारखंच हसत.

पण आता स्वतःच्या गाडीचं दुखणं सापडत नव्हतं, आणि दिवस मोजके राहिले होते. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षंच मुभा. जिप्सीची ती महिनाअखेर भरत होती. त्याआधी तिला हाकत भुदरगड तालुक्यातल्या गावी न्यायची आणि उरलेलं आयुष्य तिथं काढायचं, असा धोंडीरामांचा बेत होता. घर डोंगराच्या टोकाला, शेवटचे चार किलोमीटर नुसते दगड. जिप्सीशिवाय ते गाव म्हणजे फक्त पत्ता.

हौसाबाईंना विचारलं नव्हतं असं नाही. "निघायचं बरं का," एवढं म्हणण्यालाच धोंडीराम विचारणं समजत. पठाणकोट, जोधपूर, झाशी, प्रत्येक बदलीला त्यांनी असंच विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी बाईंनी ट्रंक भरली होती. नवऱ्याच्या खात्यात ती सगळी संमती म्हणून जमा होती.

मुलीचं, राजनंदिनीचं, मात्र स्पष्ट होतं. "बाबा, सतराशे किलोमीटर आहे यार. लीक सापडलं तर जा. नाहीतर रविवारी राजीवजी येऊन गाडी घेऊन जातील. मी त्यांना बोलून ठेवलंय." राजीवजी रामनगरचे, पर्यटकांना जंगलात फिरवायला त्यांना जुन्या जिप्सी लागत.

"सापडणार न्हाई? मला?" धोंडीराम म्हणाले होते.

त्यांनी रबरी होज दाबून पाहिले, क्लिपा आवळल्या, वॉटर पंपाखाली बोट फिरवलं. हीटर फुटला असेल म्हणून आतल्या मॅटी उचकटल्या. खाली फक्त नातवाने टाकलेले शेंगदाणे निघाले. सरोजिनी नगरच्या ओळखीच्या गॅरेजातून प्रेशरचा पंप आणून रेडिएटरच्या तोंडाला लावला. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. म्हणजे कुठंच फट नव्हती, तरी पाणी कमी होत होतं.

मग भर एप्रिलच्या उन्हात गुडगावपर्यंत जाऊन आले. ट्रॅफिकमध्ये शेजारच्या मोटारी बॉनेट उघडून उभ्या, जिप्सी शांत. परत येऊन, गाडी निवल्यावर टोपण उघडलं, तर पाणी काठोकाठ. नंतर दोन दिवस गाडी जागची हलवली नाही, तर दोन्ही दिवस अर्धा अर्धा लिटर गायब.

इथं धोंडीरामांचं डोकं चालेना. गाडी पळाली की गळते, हे शास्त्र. ही उभी राहिली की गळत होती.

"हौसा, येड लागायची पाळी आली बघ," जेवताना ते म्हणाले.

"भाकरी घ्या गरम," हौसाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी सैन्यातल्यासारखी गाडीची वही घातली. सकाळी, दुपारी जेवणाआधी, चहाच्या वेळी आणि झोपताना रेडिएटरमध्ये पट्टी बुडवायची आणि आकडा लिहायचा. बारा दिवसांत पानं भरली आणि गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी बाळसं धरू लागला. सकाळी घट नाही. रात्री घट नाही. जी काही घट ती जेवण आणि चहाच्या मध्ये. म्हणजे उन्हाचा परिणाम असावा, असं धरून त्यांनी गाडी बेसमेंटात सावलीला लावली. घट तेवढीच. आणि दोन शनिवार मध्ये येऊन गेले होते; त्या दोन्ही रकान्यांत घट शून्य.

"गाडीला वार कळतो काय गं?" त्यांनी राजनंदिनीला वही दाखवली.

"शनिवारचा उपास असेल, बाबा. कडक. पाणीपण नाही पीत." ती लॅपटॉपमागे खुदखुदली.

धोंडीराम हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पानं उलटली. दुपारी दोन ते चार. त्या वेळात कोण काय करतं? राजनंदिनी ऑफिसात, नातू शाळेत. आपण स्वतः झोपलेले. सैन्याने सगळ्या सवयी मोडल्या, ही एक मोडली नव्हती. आणि हौसा… हौसा घरातच असते की. शनिवार सोडून.

त्यांनी वही मिटली. असं काहीतरी मनात आणल्याबद्दल स्वतःच्याच कपाळावर हलकेच चापट मारून घेतली.

तो दिवस शनिवारच होता. हौसाबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत गेल्या होत्या. वर्षभर त्यांचा हा नवा उद्योग चालू होता. दिल्लीत वाढलेल्या मुलांना मराठी येई, पण शब्द गळलेले. तिथल्या एका बाईंनी हौसाबाईंना शनिवारी मुलांशी नुसतं बोलायला बोलावलं होतं. त्या पिशवीत स्वयंपाकघर भरून नेत आणि एकेक वस्तू काढून तिची गोष्ट सांगत. जाताना मेट्रोत एकट्या बसत, आरके आश्रमला उतरत. धोंडीराम या सगळ्याला टाइमपास म्हणत.

नरसाळं शोधत ते मागच्या बाल्कनीत गेले. वॉशिंग मशीनमागे, दुमडलेल्या सतरंजीखाली, दहा लिटरचा ऑइलचा जुना कॅन होता. उचलला तर जड. झाकण उघडल्यावर रेडिएटरचा तोच गोडसर वास आला. आत हिरवंगार कूलंट, गाळलेलं. कॅनवर कागद चिकटवलेला, आणि त्यावर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर: "विष. गोड लागतं. मुलांनी व कुत्र्यांनी पिऊ नये."

धोंडीराम मशीनला टेकून बसले.

जोधपूरला सैन्याच्या लंगरमागचं कुत्रं असंच सांडलेलं कूलंट चाटून मेलं होतं. ते त्यांनीच हिला सांगितलेलं. रेडिएटरखालची पाणी सोडायची चावी फिरवायला त्यांनीच हिला शिकवलेलं. "अर्धा फेरा सोडायचा, भांडं भरलं की परत बसवायचा, चावी पुसायची." वर्कशॉपात त्यांच्या हाताखालून शे-दीडशे पोरं गेली, चावी थेंबही न ठिबकता बसवणारा एकही निघाला नव्हता. पुठ्ठा कोरडा का राहिला ते आता कळलं. क्षणभर, नको त्या वेळी, त्यांना तिचा अभिमानच वाटला.

मग राग आला. मग राग कुणावर काढायचा तेच कळेना. तोंड होतं की बाईला! सांगायचं होतं.

पाचला हौसाबाई आल्या. घामाने चेहरा लाल, पण डोळ्यांत चमक. "अवो, आज सांडशी दाखवली. एक पोरगी म्हणती, आजी, हा मगरीचा जबडा हाय का?" त्या एकट्याच हसल्या.

धोंडीरामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत असावं, कारण हौसाबाईंनी आधी तांब्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"गावाकडं पण शाळा हाय की," ते म्हणाले. "तिथं सांग गोष्टी."

"तिथल्या पोरांना सांडशी ठावं असती," हौसाबाई म्हणाल्या. "तिथं मला कोण बोलवंल?"

एवढंच. पदराने तोंड पुसून त्या आत गेल्या. हे आपल्याला आधी कधी सांगितलं होतं का, याचा धोंडीरामांनी शोध घेतला. दोनदा तरी सांगितलं असावं. एकदा बातम्या चालू असताना, एकदा ते गाडीखाली असताना.

संध्याकाळी त्यांनी तो कॅन खाली नेला, मावलं तेवढं कूलंट नरसाळ्यातून जिप्सीत परत ओतलं, उरलेलं बाटल्यांत भरलं. रिकामा कॅन धुऊन जिथला तिथं, सतरंजीखाली, ठेवून दिला. कागद फाडला नाही. रात्री बाल्कनीत कपडे काढायला गेलेल्या हौसाबाई बराच वेळ आत आल्या नाहीत. आल्या त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

रविवारी दहाला राजीवजी आले. गाडी सुरू केली, कान लावला, चक्कर मारून आले. "अंकलजी, इंजन तो घड़ी जैसा चल रहा है. लीक कहाँ है?"

राजनंदिनी होती, पुष्कर होता, जिन्याच्या पायरीवर हौसाबाई होत्या. धोंडीराम हातातल्या फडक्याने स्वच्छच असलेलं बॉनेट पुसत राहिले.

"मिला नहीं," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही सापडलं, बाबा?" राजनंदिनीचा आवाज एकदम मऊ झाला.

"न्हाई सापडलं."

पुष्करने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं, काका. वय झालं की नजर चुकते. मी म्हटलं होतं ना, हेड गॅस्केट."

"तेच असंल," धोंडीराम म्हणाले. एवढ्या वर्षांत इतकं चुकीचं निदान त्यांनी कुणाचं मान्य केलं नव्हतं. पायरीवर हौसाबाईंची मान खाली गेली.

पण माणूस राजीवजींना फसवणारा नव्हता. चावी देताना त्यांनी हळूच सांगितलं, "फिकर मत करना. आपके यहाँ पानी कम नहीं होगा. ये मैं लिखके देता हूँ."

"वो कैसे?"

"हवा बदल जाएगी."

राजीवजींना काही उमगलं नाही, पण ते समजल्यासारखे हसले आणि बसले. जिप्सी एका चावीत सुरू झाली. गेटवरचा गार्ड तिचा आवाज ओळखत होता. त्याने आत कोण आहे न बघताच टाचा जुळवून रोजचा सलाम ठोकला. राजीवजी मोबाईलवर रस्ता शोधत होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

मागं, रिकाम्या पार्किंगमध्ये फडकं धरून उभ्या असलेल्या धोंडीरामांनी तो सलाम घेतला. पाठ ताठ करून, फडकं डाव्या हातात नेऊन.