माझ्या गोठ्यात लपलेली माणसं

मी डुकरीण बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. माझं नाक देवानेच मुरडून दिलेलं आहे, तिथे तुमचं काही चालणार नाही.

कांदेलारिया गावाच्या वेशीबाहेर, नारळाच्या बागेला लागून तिबुर्सियोचं घर आहे. मागच्या बाजूला, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, माझा गोठा. त्यामुळे या घरातलं एकही भांडण माझ्या कानांवाचून झालेलं नाही. मला मात्र बरीच वर्षं नावच नव्हतं. जिला एक दिवस विकायचं तिला नाव ठेवायचं नाही, असा इथला नियम. आल्यागेल्याला माझी ओळख करून देताना तिबुर्सियो म्हणायचा, "ही आमची आजारपणाची सोय."

हे तो थट्टेने म्हणत नसे. माझ्या आधी याच गोठ्यात माझी आई होती. मी दोन महिन्यांची असताना तिबुर्सियोच्या वडिलांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना लुसेना शहरातल्या दवाखान्यात नेऊन रक्त धुऊन आणावं लागे. एके सकाळी आईला टेम्पोत चढवलं. तिच्या पैशांत म्हाताऱ्याचे अकरा दिवस निघाले. बाराव्या दिवशी तिबुर्सियोची स्वतःची तीनचाकी गेली, मग त्याच्या बायकोचं, क्रिसांताचं, शिवणयंत्र गेलं, मग दोहाला घरकाम करणाऱ्या बहिणीला फोन गेला. शेवटी नवराबायको रविवारी चर्चच्या दारात उभे राहून पांढरी पाकिटं वाटू लागले. ओळखीची माणसं त्यात वीस वीस पेसो घालून, त्यांच्याकडे न बघता परत देत. एवढं करून म्हातारा गेलाच.

तेव्हापासून तिबुर्सियो भाड्याची तीनचाकी चालवतो. एवढा फटका बसल्यावर माणूस शहाणा होईल, असं तुम्हाला वाटेल. झाला ना. मला रोज एक घमेलं कोंडा जास्त घालू लागला.

माझ्या बाजूने बोलणारं पहिलं माणूस या घरात आलं ते जोव्हेलिन. तिबुर्सियोच्या थोरल्या भावाची ही मुलगी पूर्वी शाळेत शिकवायची, तोवर सगळ्या गल्लीची लाडकी होती. मग तिने विम्याचं काम धरलं, खांद्याला निळी पिशवी आली, आणि ती पिशवी कोपऱ्यावर दिसताच गल्ली ओस पडू लागली.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तिबुर्सियो थेट माझ्या भिंतीवरून उडी मारून आत आला आणि माझ्या पाठीमागे उकिडवा बसला. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"काकू, काका कुठंयत?"

"बाहेर गेलेत गं. तुझी पिशवी दिसली की त्यांना नेमकं काम आठवतं."

"तीनचाकी तर दारात आहे."

"चालत गेलेत. तब्येतीसाठी."

इकडे मला बसावंसं वाटलं, म्हणून मी बसले. खाली तिबुर्सियोचा पाय होता, त्याला मी काय करणार? बिचाऱ्याने ओठ दाताखाली धरले, पण हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने भिंतीवरून जोव्हेलिनचा चेहरा डोकावला.

"काका, पाय सोडवू का?"

मग पाय चोळत का होईना, त्याला ऐकून घ्यावं लागलं.

"ही डुकरीण म्हणजे तुमचा विमा ना? हिची आई आजोबांना किती दिवस पुरली?"

खिडकीतून क्रिसांताच म्हणाली, "अकरा."

"हिला विकता येईल एकदाच," जोव्हेलिन म्हणाली. "त्यापेक्षा हिच्या दर वेतातलं एक पिल्लू हप्त्याला द्या. ही गोठ्यातच राहील. कॅन्सर, हृदय, किडनी, असलं मोठं काही निघालं आणि डॉक्टरने तसं लिहून दिलं, की कंपनी एकरकमी पैसे देते."

कॅन्सर म्हटल्याबरोबर तिबुर्सियोने माझ्या दाराचा लाकडी खांब तीनदा ठोकला. अशुभ बोललं की लाकूड ठोकायचं, म्हणजे ते अंगावर येत नाही. हृदयाला तीनदा, किडनीला तीनदा. त्या दिवसापासून तो खांब हलू लागला.

"आपल्याकडे सरकारी कार्ड आहे," तो म्हणाला.

"ते काही भाग भरेल. महागडी औषधं, लुसेनाच्या फेऱ्या, तुमची बुडालेली मजुरी कोण भरणार?"

"माझी बहीण आहे दोहाला."

"आणि आत्याच आजारी पडली तर?"

तिबुर्सियोने पुन्हा खांब ठोकला. माझे कान मात्र ताठ झाले होते. हा सौदा जमला तर मी टेम्पोत चढणार नव्हते. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या मरणाची तारीख पुढे ढकलत होतं.

चौथ्या खेपेला तो तयार झाला. पिल्लाच्या पैशात एकाच माणसाचा हप्ता बसत होता. कमावता तोच, तेव्हा नाव त्याचंच लागणार असं सगळे धरून चालले होते. पण पेन हातात घेतल्यावर तिबुर्सियो एकदम मोठ्या मनाने म्हणाला, "क्रिसांताचं लिही. आधी बायको."

क्रिसांताचे डोळे भरून आले. त्या दिवशी तिने मासे दुप्पट तळले. खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती. आदल्या सकाळी कोंडा घालताना तो माझ्यापाशी पुटपुटला होता, "आजाराच्या कागदावर ज्याचं नाव, त्याला आजार शोधत येतो म्हणे. आपण कशाला विषाची परीक्षा घ्यायची? क्रिसांताला साधी सर्दी होत नाही. तिच्या वाटेला कोण जाणार?"

मी तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आणखी काय करू शकणार होते?

पुढच्या महिन्यात मी व्याले. नऊ पिल्लं झाली. त्यातली काळ्या कानाची हप्त्यात गेली. तिला शेजारच्या कुलासने विकत घेतलं आणि पोत्यात घालताना म्हणाला, "चला, आमच्याकडेही आजारपणाची सोय झाली." मला वाईट वाटलं. आई आहे, वाटणारच. पण बाकीची आठ अंगाशी होती, आणि मीही जागेवर होते. पुढची दोन वेतंही अशीच गेली.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी आंघोळ करताना क्रिसांताच्या हाताला छातीत गाठ लागली. लुसेनाला तपासण्या झाल्या. जिला साधी सर्दी होत नव्हती तिला कॅन्सर निघाला.

बातमीला पाय असतात, आणि डुकरांच्या व्यापाऱ्याला तर नाक असतं. दुसऱ्याच दिवशी तो न बोलावता आला. माझ्या छातीभोवती सुतळी गुंडाळून त्याने माप घेतलं आणि म्हणाला, "चांगली भरलीय. रोख देतो. टेम्पो बाहेरच उभा आहे." मला आईचा टेम्पो आठवला. मी मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिबुर्सियोने ती सुतळी सोडवून व्यापाऱ्याच्या हातात दिली. मग म्हणाला, "उद्या या."

व्यापारी गेल्यावर तो माझ्या गोठ्यात येऊन बसला. भर दुपार होती, आणि या वेळी तो कुणापासून लपला नव्हता. खांबाला डोकं टेकवून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी भ्यालो गं," तो मला सांगत होता. "माझं नाव लिहायला हात धजला नाही, म्हणून तिचं लिहिलं. आजाराने ते वाचलं. मीच तिला दाखवून दिलं."

वर खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता. त्याच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

"तिबो," क्रिसांता म्हणाली, "आजाराला वाचता येत असतं ना, तर जोव्हेलिनच्या पिशवीत दोनशे नावं आहेत. सगळी गल्ली दवाखान्यात असती."

तो दचकून उठला. "तू ऐकलंस?"

"त्याच दिवशी संशय आला होता मला. लग्नातली अंगठीसुद्धा तू मला तीन हप्त्यांत दिलीस, आणि विमा एकदम माझ्या नावावर? तरी दोन मासे जास्त खायला घातले."

"रागावली नाहीस?"

"रागावलेय. बरी झाले की रागवेन, आत्ता वेळ नाही. पण तू भित्रा निघालास म्हणून आज कागद माझ्या नावावर आहे. शूर असतास तर ही खालची बाई टेम्पोत असती आणि आपण पुन्हा पाकिटं वाटत असतो. आता ऊठ, जोव्हेलिनला फोन कर. आणि त्या खांबाला डोकं टेकू नकोस, पडेल तो."

जोव्हेलिन आली. कंपनीने मागितलेला प्रत्येक कागद तिने धावपळ करून जमवला, आणि पाचव्या आठवड्यात पैसे आले. पैसे आले म्हणून दुखणं हलकं झालं असं नाही. ऑपरेशन झालं, क्रिसांताचे केस गेले, औषधाच्या वासाने तिला भात समोर नको व्हायचा. तो सगळा भात माझ्या वाट्याला आला आणि मला गोड लागला नाही. पण चर्चच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. सलाइन चढत असताना तिबुर्सियो भाड्यामागे न पळता तिच्या उशाशी बसू शकला. व्यापारी आणखी दोनदा येऊन हात हलवत परत गेला.

आता तिचे केस भांडी घासायच्या ब्रशाएवढे आलेत. परवा खिडकीतून भाताचं पाणी ओतताना तिने मला हाक मारली, "सेन्योरा, जेवून घ्या." सेन्योरा म्हणजे बाईसाहेब. नाव ठेवलं, म्हणजे आता मला विकायचं नाही. तिबुर्सियोनेही स्वतःच्या नावाचा कागद केला, म्हणजे यापुढे दर वेताला माझी दोन पिल्लं जाणार. सही करण्यापूर्वी त्याने तीनदा खांब ठोकला आणि तिसऱ्या ठोक्याला खांब आडवा झाला.

तुमच्या घरीही कुणीतरी असेल, म्हैस असेल, दागिना असेल, परदेशात राबणारी बहीण असेल, जिच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता, आमची सोय आहे. तिला कधी विचारलंय का?

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. कोपऱ्यावर निळी पिशवी दिसली आणि शेजारचा कुलास माझ्या भिंतीवरून धपकन आत पडला. माझ्यामागे दडून ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "सेन्योरा, बाई, आवाज करू नका हं." एरवी मी कुणाची चहाडी करत नाही. पण काल मी मान वर केली आणि असा गळा काढला की जोव्हेलिन जागीच वळली आणि हसत भिंतीकडे येऊ लागली.

"गप्प बसायला काय घेशील गं?" कुलास दात ओठ खात म्हणाला.

काय घेणार? माझी काळ्या कानाची लेक त्याच्या गोठ्यात आहे, आणि तिला अजून नाव नाही.