सामना बघणाऱ्याची विश्रांती

इंडोनेशियातल्या सिदोआर्जोच्या आमच्या कारखान्यात फुटबॉलचे बूट शिवतात. मालक हर्तोनोसाहेब विश्वचषक बघायला अमेरिकेला निघालेत आणि वाटेतले मुक्काम ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

"सलग प्रवास केला की माझ्या अंगात वारा शिरतो, सगळं अंग मोडून येतं, निंग्रूमबाई," साहेब म्हणाले. "म्हणून सिंगापूरला दोन दिवस मालिश. जपानात चार दिवस गरम पाण्याचे झरे. हवाईला पाच दिवस नुसतं पडून राहायचं. सामन्याला माणूस कसा ताजातवाना हवा!"

म्हणजे दोन तास खुर्चीत बसण्यासाठी अकरा दिवसांची विश्रांती.

तेवढ्यात शिवण विभागातला सुगेंग आला. तो कारखान्याच्या फुटबॉल संघाचा कप्तान. "साहेब, रविवारी सकाळी आमचा अंतिम सामना आहे. आम्हा अकरा जणांना शनिवारची रात्रपाळी तेवढी माफ करा."

"कशाला? तरणीताठी पोरं तुम्ही! पाळी संपली की तसेच मैदानावर जा. अंग मोकळं झालेलं असेल."

"आणि अंगात वारा शिरला तर, साहेब?"

"मग पाठीवर तेल लावून नाणं घासा, वारा निघून जातो!"

सुगेंग शिवणयंत्राकडे परत गेला. माझं डोकं सणकलं. हॉटेलांच्या कागदांत मी संघाच्या रजेचा कागद सरकवला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सह्या ठोकल्या.

शनिवारी पोरं घरी गाढ झोपली आणि रविवारी जिंकली. निकाल कळताच जपानच्या गरम पाण्यात बसून साहेबांनी मला फोन केला.

"बघा, मी सांगत होतो ना? यापुढे प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना रात्रपाळी लावा!"