बिनखुणेचे आठ फर्मे

छापखान्याच्या बांधणीखात्यात दुपारी ऊन तिरकं यायचं आणि कागदाची धूळ त्यात अशी तरंगायची, की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटे. एकतीस वर्षं मावशी त्या खोलीत पुस्तकं शिवत होती. हजारो पुस्तकं तिच्या हातून गेली, पण वाचलं एकही नाही. "वेळ कुठाय मेला," असं ती सांगायची. खरी गोष्ट पोटातच राहिली होती. मावशीला वाचता येत नव्हतं.

चार वर्षं शाळेत काढली होती तिने. पण फळ्यावरची अक्षरं तिच्याशी कधी धड वागलीच नाहीत. डोळा लावावा तोवर माशांसारखी सुळकन जागा बदलायची. आकडे तर त्यांहून लबाड. मास्तरांनी 'मठ्ठ' म्हणून शिक्का मारला आणि तो शिक्का तिने आजवर कुणाला दिसू दिला नव्हता.

पुस्तक बांधायला तरी वाचता कशाला यावं लागतं? सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापतानाच एक काळा चौकोन येतो. पहिल्याचा अगदी वर, दुसऱ्याचा जरा खाली, तिसऱ्याचा आणखी खाली. फर्मे बरोबर लागले की पाठीवर जिना उतरतो. पायरी चुकली तर मावशीला दारातूनच कळे. तिच्या स्वप्नांतसुद्धा जिने यायचे, पांढऱ्या भिंतींवरचे, कुठेच न पोचणारे, आणि ती त्यांवरून अनवाणी, अगदी निवांत उतरत असायची.

आणि नेमकं भाचीच्या पुस्तकाला जिना नव्हता.

भाची वाचन शिकवायची. ज्यांना अक्षरं जुळत नाहीत अशा मुलांना. त्या कामात लागणाऱ्या शब्दांचा तिने कोश केला होता, शब्द आणि त्याचा सोपा अर्थ. छापताना मशीनवाला चौकोन टाकायचे विसरला. आठ फर्मे, आठांच्या पाठी कोऱ्या.

मावशीने ते टेबलावर मांडले आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. पहिला सापडला, त्यावर मोठं नाव होतं. शेवटचाही सापडला, त्याचं मागचं पान कोरं होतं. मधले सहा तिने शाईवरून लावले, गडद आधी, फिकट नंतर. मशीनची शाई उतरत जाते, हे तिला ठाऊक होतं. पण या वेळी मशीनवाल्याने मध्येच शाई भरली होती, ते तिला कोण सांगणार?

खात्याची रीत अशी, की पहिली प्रत लिहिणाऱ्याने पाहायची, मगच बाकीच्या शिवायच्या. संध्याकाळी भाची आली. खळीचा वास छातीभर घेतला, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पुस्तक उघडलं.

"मावशी, काय सुरेख बांधलंयस गं!" मग पानं उलटता उलटता ती थांबली. "पण हे... 'अक्षरओळख'नंतर एकदम 'लय'? आणि 'आकलन' पार मागे?"

कोपऱ्यात हिशेब लिहीत बसलेल्या मालकांनी मान वर केली. "बोलवा त्या मशीनवाल्याला! खुणा विसरतो म्हणजे काय! आज त्याला घरीच पाठवतो."

मशीनवाला दारात येऊन उभा राहिला, हाताला शाई, चेहरा उतरलेला. मावशी नुसती गप्प बसली असती, तरी सगळं निभावलं असतं. एकतीस वर्षं गप्पच तर बसली होती. पण तो उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"खुणा तो विसरला," ती म्हणाली, "पण पानांवर आकडे होते. चुकीचं लावलं ते मी. मला आकडे वाचता येत नाहीत, मालक. अक्षरंही नाहीत."



"चेष्टा करताय का, मावशी?" मालक म्हणाले. "एकतीस वर्षं?"

"एकतीस."

मशीनवाला हळूच बोलला, "मी म्हटलं, या मला रोज सूचना का वाचायला लावतात! चष्मा विसरला म्हणायच्या. चष्मा तर यांना नाहीच!"

मालकांना हसू आवरेना. हसता हसता, "चल, कामाला लाग," म्हणत ते मशीनवाल्याला घेऊन बाहेर गेले. भाची मात्र हसली नाही. तिने पुस्तक मागून उघडलं आणि सावकाश वाचलं, "'वाचनअक्षमता. बुद्धी चांगली असून, शिकवूनही अक्षरं जुळायला अवघड जाणं. हा आळस नव्हे, मठ्ठपणाही नव्हे.'"

"असं लिहिलंय?"

"मीच लिहिलंय."

"पुन्हा वाच."

भाचीने पुन्हा वाचलं. मग पेन्सिल घेऊन तिने बाकीच्या प्रतींच्या फर्म्यांवर चौकोन काढायला सुरुवात केली. मावशीचे हात आपोआप जुळवू लागले. दिवा लावेपर्यंत टेबलावर जिनेच जिने उभे राहिले.

उरलेल्या एका कागदावर भाचीने तीन पायऱ्या काढल्या आणि प्रत्येकीवर एकेक अक्षर बसवलं. "हं. उतर."

"जु..." मावशीने बोट ठेवलं. बराच वेळ गेला. "ळ... जुळवाजुळव!"

"अंदाजाने नाही. आजच्यापुरते अंदाज पुरे झाले."

मावशी खुदकन हसली. मग पुन्हा वाकली. "तिसरं हलतंय गं."

"हलू दे. पायरी हलतेय का?"

मावशीने नीट पाहिलं. पायरी हलत नव्हती. तिने बोट तिथेच ठेवलं, मासा दमून थांबेपर्यंत.

"णी," ती म्हणाली. "जुळणी."