सागाच्या पानाला दोन चिमटे

कळंबच्या बाजारात कुणालाही विचारा, अमरसारखा पासपोर्ट फोटो दुसरा कुणी काढत नाही. त्याच्या स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असतो. एकच कोट, एकाच मापाचा, आणि तोही भलता ढगळा. गिऱ्हाईक काडीसारखं असलं की अमर तो कोट त्याच्या अंगात चढवतो, मागे जातो, आणि पाठीवरचं जास्तीचं कापड गोळा करून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. समोरून बघावं तर पठ्ठ्या थेट जावईबुवा! पाठीला चार चिमटे लटकलेत, ते फोटोत कोण बघतंय?

बापूजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हे कधी पटलं नाही. स्टुडिओ त्यांनीच सुरू केलेला, छत्तीस फोटोंच्या रोलच्या जमान्यात. पोर रडत असलं तरी ते त्याची हनुवटी वळवायला जात नसत. कॅमेऱ्यामागे अर्धा-अर्धा तास उभे राहायचे आणि पोर आपसूक गप्प झालं की खट्! "माणूस ढगळा असन तं ढगळा दिसू दे न बे," असं ते अमरला म्हणायचे. "हात कायले लावतं? वाट पाह्य."

चैत्रात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मागच्या खोलीत पलंग टाकला, उजव्या हाताला परसाची खिडकी, डाव्या हाताला भिंत. बापूजींनी ना खिडकीकडे पाहिलं ना भिंतीकडे. छताला डोळे लावून पडून राहायचे. अमरची आई लीलाबाई चमच्याने पेज भरवायची, ती अर्धी ओठांतून परत यायची. व्यायाम करून घ्यायला सुरभी नावाची मुलगी यायची. ती बिचारी रोज सांगायची, "आजोबा, खिडकीकडे वळा बरं. डावा हात तिकडे फेकला की अंग मागोमाग येते. भिंतीकडची कूस अवघड आहे, ते मागून पाहू." आजोबा ढिम्म. शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. म्हणाले, "शरीराचं मी पाहतो. पण यांना जगायचंच नाही, त्याला गोळी कोणती देऊ?"

आणि भादवा लागता लागता परसात शिंपी पक्ष्यांची जोडी आली.

शिंपी म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. पाठ हिरवी, टाळू तांबूस, शेपटी सदा वर. भिंतीलगत सागाचं एक रोप आपलं आपणच उगवलेलं. उंची कमरेएवढी, पानं मात्र सुपाएवढी. गेल्या हंगामाचा कापूस कुंपणाला अडकलेला होता, तो ओढून आणून त्या मादीने एका पानाच्या कडा टाके घालून शिवल्या आणि आत घरटं केलं. खिडकीपासून सहा हातांवर!

एका सकाळी अमर बापूजींची दाढी करत होता आणि बापूजींचे डोळे हलले. पाखरू उडालं, डोळे त्याच्यामागे गेले. पाखरू परत आलं, डोळेही आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"आई, ये इकडं! बापूजी पाहून राह्यले!"

त्या दिवशी बापूजींनी दोन वाट्या वरणभात खाल्ला, खिडकीकडे बघत. मग रोजच खाऊ लागले. लीलाबाई तर त्या पाखराला 'माझी डॉक्टरीण' म्हणायला लागली.

पण अमरच्या जिवाला घोर लागला. अंडी फुटली, पिलं चिवचिवू लागली. पंधरा दिवसांत ती उडणार. मग? खिडकीत नुसतं सागाचं पान उरणार आणि बापूजी पुन्हा छताकडे बघत पडणार. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि अमरला येत होतं ते एकच. त्याने ठरवलं, या पाखराचा असा फोटो घ्यायचा की पीस न् पीस दिसेल, आणि दाराएवढा मोठा करून बापूजींसमोर लावायचा. त्याने भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला.

आता सांगा, नवऱ्यामुलाला सांगता येतं, मान वर, हसा, हलू नका. शिंप्याला कोण सांगणार? ते लेकाचं एका जाग्यावर श्वासभरही टिकत नाही. बोट दाबेपर्यंत फांदी रिकामी. अमरने आठवडाभरात तीनशे फोटो घेतले. एकात शेपटी आली, दोनात चोचीसारखा काहीतरी डाग आला, बाकी सगळ्यांत साग. सागाच्या पानांचे इतके फोटो वनखात्याकडेही नसतील!

शेवटी त्याने यवतमाळच्या धम्मरत्नकडून लांबची लेन्स मागून आणली. धम्मरत्न टिपेश्वरच्या जंगलात पाखरांमागे फिरणारा माणूस. त्याने लेन्स दिली ती दोन अटींवर. "रविवारी संध्याकाळच्या आत परत पाह्यजे. आन् घरट्याच्या जवळ जाऊ नको, समजलं? पाखरू स्वतःहून समोर येऊन बसते. तुले फक्त थांबाचं आहे."

रविवारी सकाळी सहापासून अमर परसात स्टूल टाकून थांबला. दहा वाजले. पाखरू येत होतं, जात होतं, पण घरट्याच्या तोंडावर वरचं एक मोठं पान झाकणासारखं लोंबत होतं, आणि आत नुसता अंधार. ऊन चढत चाललं, लेन्स परत करायची वेळ डोक्यावर आली, आणि अमरच्या हाताला ज्याची सवय होती तेच त्याच्या हाताने केलं. तो उठला, दोरीवरचे दोन निळे चिमटे काढले, वरचं पान मागे ओढून शेजारच्या देठाला लावून टाकलं. कोटाला लावतो तसं.

खिडकीतून आवाज आला. "आऽऽ! आऽऽ!"

अमर दचकला. बापूजी! पाच महिन्यांत ज्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं, ते बापूजी ओरडत होते. डावा हात वर उचलून हलवत होते. डोळे मोठे झालेले आणि त्यांतून घळाघळा पाणी.

"आई! बापूजी बोलून राह्यले! त्याइले पिलं दिसली न!"

लीलाबाई कणकेच्या हातांनीच धावत आली. "बाप्पा बाप्पा! चिंतामणी पावला रे पोरा!" म्हणत तिने पदर डोळ्यांना लावला. अमरचेही डोळे भरले. आनंदाचंच पाणी ते, दुसरं काय असणार?

आणि तेवढ्यात मादी आली. चोचीत हिरवी अळी, समोर तीन उघडी केशरी तोंडं, आणि त्यावर स्वच्छ ऊन. अमरने बोट दाबलं. फोटो असा आला की मादीच्या चोचीपाशचे मिशीसारखे केससुद्धा मोजून घ्या. त्याने आयुष्यात घेतलेला सगळ्यात चांगला फोटो.

तो चिमटे काढायला वळलाही होता. मग खिडकीकडे पाहिलं. बापूजी अजून हात हलवत होते. 'राहू दे,' तो मनाशी म्हणाला, 'बापूजीलेही दिसू दे आतलं.' आणि गाडीला किक मारून यवतमाळला निघून गेला.

ओळखीच्या लॅबवाल्याला त्याने रविवारचं दुकान उघडायला लावलं. फोटो मोठा केला, फ्रेममध्ये घातला, धम्मरत्नची लेन्स पोचवली. कळंबला परतला तेव्हा साडेचार झाले होते. भादव्याचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, पाठ भाजून निघाली होती. पण गडी खुशीत होता.

लीलाबाई दारातच भेटली. तीही खुशीत.

"अरे, तू गेला न, तवापासून ओरडूनच राह्यले! मले वाटलं भूक लागली, तं ताट नेलं, ते उडवून देल्लं. आन् ऐक तं खरं, वळले न रे! आपल्या मनानं वळले, पार खिडकीच्या गजाले धरून! मी धावली, पडतीन म्हणून उचलून नीट झोपवलं. पुन्हा वळले. तीनदा वळले, तीनदा मी सरळ केलं. आन् दुपारी भारद्वाज आलता! तथी, सागापाशी. मी हात जोडले. त्याइले म्हटलं, पाहा, भारद्वाज दिसला, आता तुमी उठून बसता. मंग शांत झाले एकदम."

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे आपण सगळेच मानतो. तो खातो काय, हे कुणी विचारत नाही. अमरला मात्र धम्मरत्नने कधीतरी सांगितलेलं होतं. फ्रेम तशीच ओट्यावर ठेवून तो परसात पळाला.

चिमटे जागेवर होते. मागे ओढलेलं पान उन्हाने करपून आकसलं होतं. शिवलेलं पान एका बाजूने फाटलं होतं, कापूस बाहेर लोंबत होता. आत काही नव्हतं. खाली मातीत एक पिलू पडलं होतं, नखाएवढं, आणि त्याच्याभोवती मुंग्यांची रांग.

मादी आली. चोचीत अळी. घरट्याच्या काठावर बसली, आत वाकली, बाहेर आली. अळी चोचीत तशीच. उडाली, परत आली, पुन्हा वाकली. आणि आज पहिल्यांदाच ती अमरच्या समोर, दोन हातांवर, कितीतरी वेळ बसून राहिली. फोटोच घ्यायचा तर मनासारखा घ्या.

अमरने चिमटे काढले. वळून पाहिलं तर खिडकीच्या गजांआड बापूजी त्याच्याकडे बघत होते. सकाळी दहापासून त्यांनी सगळं पाहिलं होतं. पानावरचं ऊन सरकताना, पिलं धापा टाकताना, भारद्वाज भिंतीवरून उतरताना. ओरडून सांगितलं, तर बायकोने ताट आणलं. सगळं बळ एकवटून गज गाठले, तर उचलून पुन्हा उशीवर ठेवलं.

अमर आत आला, पलंगाशी बसला. बापूजींचा डावा हात त्याने हातात घेतला. बोटांची सालं निघाली होती, नखांत गजांचा गंज होता.

"बापूजी, मले वाटलं तुम्ही खुश आहा," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच केलं हो मी." लहान पोरासारखा तो त्या हातावर कपाळ टेकून रडला. "मारा मले. एक थोतरीत द्या. काहीतरी करा."

बापूजींनी हात काढून घेतला. त्या हाताने पलंगाची पलीकडची कड पकडली. दात आवळले. जड पडलेलं उजवं अंग तसूतसूने ओढत, घामाघूम होत, ते कुशीवर वळले, भिंतीकडे. खिडकीकडे पाठ, लेकाकडे पाठ, आणि समोर फोटोसाठी ठोकलेला रिकामा खिळा.

"अगं माय!" दारातून लीलाबाई ओरडली. "भिंतीकडची कूस! सुरभी म्हणे, ती तं मागून पाहू, आन् हे पाहा! थांब, देवापुढं साखर ठेवतो."

ती लगबगीने गेली आणि वाटी घेऊन आली. नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, तुमची डॉक्टरीण बोलावून राह्यली बाहेर. पाहा तं इकडं." बापूजी हलले नाहीत. मग तिने अमरकडे पाहिलं.

"तू रडतं काहून रे? आज चांगला दिवस. घे, तोंड गोड कर."

तिने चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली, आणि अमरने ती गिळली.