दगडी खेकड्याचं पाणी

रविवारी दुपारी ओहोटीला दिवा गावच्या खाडीकाठी तीनशे माणसं घोटाभर चिखलात उभी होती. नुसता चिखल नव्हे. अख्ख्या वस्तीचं गटार तिथेच उतरतं. तरी सगळ्यांनी चपला काढलेल्या, कारण जागा पवित्र.

मधोमध शिलाबाबा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे शहाडला एसी दुरुस्त करायचे. आता शाप देतात.

"हा जीव पापी आहे!" बाबांनी जिवंत खेकडा उंच धरला. एक नांगी इवलीशी, दुसरी अंगापेक्षा मोठी. "शिळा हो!"

खेकडा बिळात सोडला. बाबांनी डोळे मिटून ढेकर दिला (तो बीजमंत्र होता, असं शेजारचा म्हणाला), कोपरापर्यंत हात घातला आणि दगडाचा खेकडा बाहेर काढला. जयजयकार! मग दगड खाडीच्याच पाण्याच्या बादलीत बुडवला आणि लोक ते पाणी औषध म्हणून पिऊ लागले.

पहिल्या रांगेत माझी कांतामामी. मधुमेह. नऊ दिवस इन्सुलिन बंद, कारण सुई टोचली की म्हणे शिळा रुसते. तिच्या पायाच्या जखमेचा वास मला तीन माणसं सोडून येत होता.

"मामी, दवाखान्यात चल."

"गप रे! दगड झाला ना डोळ्यांसमोर? तुझ्या डॉक्टरने केलाय कधी?"

बिनतोड होतं, आणि नऊ दिवस मी हेच ऐकत होतो. म्हणून मी दोघींना घेऊन आलेलो: कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी बहीण कृतिका, आणि स्टेशनबाहेर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, विकणाऱ्या बायजाकाकू.

दर्शन म्हणून काकूंनी दगड उचलला आणि सवयीने उलटा केला. "आरं, ही त मादी हाय! पोटावरची झाकणी बघ केवढी रुंद. आत त मोठ्या नांगीचा नर गेलेला!"

"मंत्राने लिंगही पालटतं," बाबा म्हणाले.

"आणि घराणंही?" कृतिकाने विचारलं. "आत गेला तो फिडलर, नराची एकच नांगी मोठी असणारा. हा मॅक्रोफ्थॅल्मस, जीनसच, म्हणजे वंशच वेगळा. कवच रुंद, लांब डोळे झोपवायला पुढे ही खाच. दोघे चिखलात बिळं करतात खरे. पण याच्या घराण्याचे जीवाश्म लाखो वर्षं जुन्या थरांत सापडतात. गाडला जातो, खनिजं झिरपत राहतात, तेव्हा कुठे दगड होतो. तुमचा तीस सेकंदांत?"

"शक्ती!"

"मग आधीचे दाखवा."

भक्तांनी अभिमानाने पिशव्यांतून अकरा खेकडे काढले. अकराही माद्या. अकरांचाही डावा तिसरा पाय एकाच जागी तुटलेला.

मी बिळात हात घातला. आत रुंद पीव्हीसी पाइप, पाइपात आणखी चार दगडी खेकडे, तोच पाय तुटलेले. एका खऱ्या जीवाश्माचा साचा करून त्यात सिमेंट ओतलेलं. तळाशी आपला नर, जिवंत आणि चिडलेला. त्याने माझं बोट पकडलं.

मामी दगडाकडे बघत राहिली. "म्हणजे मी सिमेंट प्यायले?"

"सिमेंट कमी, गटार जास्त," कृतिका म्हणाली.

मामी त्याच संध्याकाळी ठाण्याला हॉस्पिटलात दाखल झाली. पाय वाचला, दोन बोटं कापावी लागली. बाबांना पोलिसांनी नेलं. चार भक्तांनी दगड अजून देव्हाऱ्यात ठेवलेत, आणलाय तर राहू दे म्हणून.

विनंती एवढीच: चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो हातात घेऊन बघा. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला एकदा तरी विचारा, का? तो चिडला, तर पाणी पिऊ नका.